पामतेल इतकं स्वस्त का? आणि वर्गात ते कसं शिकवायचं?



सहावीपासून पुढच्या कुठल्याही वर्गात ‘पामतेल’ हा शब्द काढून बघा. साधारण दोन प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणजे, "ते रेशनवर मिळतं." आणि दुसरं, "ते वाईट असतं, त्याच्यामुळे जंगलं जळतात, हार्ट अटॅक येतो." पहिलं उत्तर घरातून आलेलं असतं, दुसरं बहुतेक वेळा मोबाईलवरच्या एखाद्या व्हिडिओतून. गंमत अशी की ही दोन उत्तरं देणारी मुलं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेली असतात.

२०२२ च्या दिवाळीत आपल्या राज्यात ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. लाखो घरांतल्या करंज्या-चकल्या त्या तेलात तळल्या गेल्या. आता आपण वर्गात नुसतं "पामतेल वाईट" असं सांगून पुढचं पान उलटलं, तर त्या घरातल्या मुलानं काय समजायचं? आणि "काही वाईट नाही" असं सांगितलं, तर इंडोनेशियातल्या जळलेल्या जंगलांचं काय करायचं?

म्हणून हा पाठ जरा नीट शिकवावा लागतो. भूगोल, विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय यात येतात. लेख थोडा मोठा आहे. शेवटी वर्गात घेण्यासारखे उपक्रम दिले आहेत.

पाम म्हणजे नेमकं कोणतं झाड?

इथेच पहिला गोंधळ होतो. मुलांना वाटतं पामतेल म्हणजे ताडाचं किंवा नारळाचं तेल. ताड, माड, सुपारी, खजूर आणि आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते झाड, ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत, पण झाडं वेगळी. याचं मराठी नाव तेलताड. शास्त्रीय नाव एलाइस गिनीन्सिस. यातल्या ‘गिनी’वरूनच त्याचं मूळ गाव कळतं. पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या आखाताच्या काठचा प्रदेश हे त्याचं माहेर.

नारळासारखा याला मोठा फळांचा घोस लागतो, पण एकेक फळ मोठ्या बोराएवढंच. एका घडात हजार-दोन हजार फळं, आणि घडाचं वजन १० ते २५ किलो. लावल्यापासून तीन-चार वर्षांनी झाड फळायला लागतं आणि पुढे २५ वर्षांपर्यंत बारा महिने फळतं. नंतर ते इतकं उंच होतं की लांब काठीला लावलेल्या कोयत्यानंही घड काढणं कठीण जातं. मग झाड पाडून नवीन लावतात.

एका फळात दोन तेलं

फळ आडवं कापलं तर बाहेर केशरी गर, मध्ये कठीण कवच आणि आत पांढरी गिरी दिसते. गरातून निघतं ते पामतेल. ते मूळचं चक्क लालभडक असतं, कारण गाजरात असतं तेच कॅरोटीन त्यात भरपूर असतं. आपल्याकडे येणारं तेल शुद्धीकरण करून, रंग आणि वास काढून टाकलेलं असतं म्हणून फिकट दिसतं. पश्चिम आफ्रिकेत आजही लाल तेलातच रस्सा-भाज्या करतात.

आतल्या गिरीतून निघतं ते वेगळं तेल, पाम कर्नल तेल. ते गुणधर्मानं खोबरेलाच्या जवळचं. साबणाला फेस येतो तो अशाच तेलामुळे.

गराच्या तेलाचे पुन्हा दोन भाग करतात. तेल हळूहळू थंड केलं की त्यातला घट्ट भाग खाली बसतो. वर राहतं ते पातळ ‘पामोलिन’, म्हणजे दुकानात पिशवीत मिळतं ते. घट्ट भाग वनस्पती तूप, बेकरीची चरबी, साबण आणि मेणबत्त्यांकडे जातो. या पिकातलं वाया असं फारसं काही जात नाही.

अजून एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. घड तोडला की फळातलं एक विकर कामाला लागतं आणि तेल खराब करायला सुरुवात करतं. त्यामुळे एक-दोन दिवसांत घड कारखान्यात पोचून वाफेवर शिजला पाहिजे. ऊस तोडल्यावर कारखान्याला वेळेत गेला पाहिजे, हे आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. तसंच हे. म्हणजे जवळ कारखाना नसेल तर तेलताडाचा शेतकरी अडकला. आणि कारखाना एकच असेल तर भाव त्याच्याच हातात.

मग ते स्वस्त का?

एक हेक्टर जमीन, म्हणजे साधारण अडीच एकर. या जमिनीतून वर्षाला किती तेल निघतं, ते जगाच्या सरासरीनं पाहूया:

- तेलताड: ३ ते ४ टन
- मोहरी वर्गातली पिकं, सूर्यफूल: पाऊण टनाच्या आसपास
- सोयाबीन: अर्धा टन किंवा त्याहून कमी

सोयाबीन, सूर्यफूल दरवर्षी पेरावं लागतं. बी रुजणार, रोप वाढणार, मग कुठे शेवटच्या महिन्यात तेल तयार होणार. तेलताड उभाच असतो. विषुववृत्ताजवळचं ऊन आणि पाऊस बारा महिने मिळतो, आणि दर दहा-पंधरा दिवसांनी त्याच झाडावरून तोडणी होते. म्हणून जगातल्या तेलबियांच्या जमिनीपैकी दहा टक्क्यांहून कमी जमिनीवर हे पीक आहे, आणि जगातलं एक तृतीयांशाहून जास्त वनस्पती तेल त्यातून मिळतं.

आज जगात वर्षाला पावणेआठ-आठ कोटी टन पामतेल तयार होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या इंडोनेशियात, आणि साधारण चौथा हिस्सा मलेशियात. इतर कुठल्याही मोठ्या पिकाची अशी दोनच देशांत गर्दी सहसा दिसत नाही. आणि गंमत म्हणजे हे झाड त्या दोन्ही देशांतलं नाहीच.

आफ्रिकेतून आशियात

पश्चिम आफ्रिकेत लोक हजारो वर्षं हे तेल खात आले. युरोपला त्याची गरज पडली ती यंत्रयुगात. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर कायद्यानं बंदी आणली. त्यानंतर लिव्हरपूलचे जे व्यापारी माणसं नेत होते, तेच नायजर नदीच्या मुखाकडे पामतेलाची पिंपं भरायला लागले. यंत्रांना वंगण, मेणबत्त्या आणि साबण या तिन्हींसाठी तेल हवं होतं.

सनलाइट साबण ज्यांनी काढला ते विल्यम लिव्हर. त्यांनी १९११ मध्ये बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत पामतेलासाठी प्रचंड प्रदेश मिळवला. तिथे स्थानिक लोकांकडून सक्तीनं फळं तोडून घेतली जात, याची नोंद इतिहासात आहे. याच कंपनीतून पुढे युनिलिव्हर झाली. आपल्या घरातल्या साबणाच्या वडीचा इतिहास असा काँगोपर्यंत जातो, हे आठवी-नववीच्या मुलांना वसाहतवाद शिकवताना जरूर सांगण्यासारखं आहे.

आशियातली गोष्ट फार लहान सुरू झाली. १८४८ मध्ये डच लोकांनी जावा बेटावरच्या बोगोर इथल्या वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपं लावली. फक्त चार. त्यांची पिल्लावळ बरीच वर्षं सुमात्रात तंबाखूच्या मळ्यांच्या रस्त्यांवर शोभेला उभी होती. १९११ च्या सुमारास सुमात्रात व्यापारी लागवड सुरू झाली. १९१७ मध्ये आंरी फोकोनिए या फ्रेंच मळेवाल्यानं मलायात पहिला व्यापारी मळा लावला. (हेच गृहस्थ पुढे कादंबरीकार म्हणून गाजले.) आग्नेय आशियातल्या अफाट मळ्यांची मातृवंशावळ बहुतांशी त्या चार रोपांपर्यंत जाते.

स्वातंत्र्यानंतर मलेशियाची गाडी रबर आणि कथलावर चालत होती. कृत्रिम रबर आलं, भाव पडायला लागले, तेव्हा सरकारनं तेलताडावर भर दिला. ‘फेल्डा’ या १९५६ च्या सरकारी योजनेतून भूमिहीन कुटुंबांना जंगल साफ करून सुमारे चार-चार हेक्टरचे तुकडे दिले गेले. अनेक कुटुंबांची गरिबी खरोखर हटली. जंगलही त्याच जागी तुटलं. या दोन्ही गोष्टी मुलांसमोर एकत्र ठेवा.

एका किड्याची गोष्ट

विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट हमखास रंगते. तेलताडाला नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात, आणि एका झाडावर ते सहसा एका वेळी येत नाहीत. म्हणजे पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जायला हवेत. मलेशियात बरीच वर्षं सगळ्यांचा समज होता की हे काम वारा करतो. पण फळधारणा कमी होई. म्हणून मजूर, त्यातही बायका, हातानं पराग टाकत फिरत. हजारो झाडं, रोज.

लेस्ली डेव्हिडसन हे मळ्यांचे अधिकारी आधी आफ्रिकेत कॅमेरूनला काम केलेले. तिथे कुणीही पराग टाकत नसताना घड गच्च भरलेले त्यांनी पाहिले होते. त्यांना शंका होती की हे काम कुठला तरी कीटक करतो. मग रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञांनी कॅमेरूनमध्ये जाऊन शोध घेतला. सापडला तो धान्यातल्या टोक्यासारखा, सोंड असलेला एक इवलासा किडा. नर फुलांना बडीशेपेसारखा वास येतो, त्या वासावर हा किडा येतो, तिथेच खातो, अंडी घालतो. मादी फुलांनाही तसाच वास येतो, म्हणून चुकून तिकडेही जातो आणि अंगावरचे पराग सांडतो.

हा किडा दुसऱ्या पिकांना त्रास देणार नाही ना, याची आधी कसून तपासणी झाली. मग १९८१ मध्ये तो मलेशियात सोडला. थोड्याच काळात तो मळ्यामळ्यांत पसरला, घड भरायला लागले आणि हातानं पराग टाकायचं काम बंद झालं. परागीभवन हा धडा शिकवताना मधमाशीच्या जोडीला हा किडाही ठेवा. शिवाय एक प्रश्न विचारायला विसरू नका: ज्या बायकांचं काम गेलं, त्यांचं काय झालं असेल?

दहावीसाठी: कवचाचं गणित

मेंडेलच्या वाटाण्यांना पर्याय म्हणून हे उदाहरण वापरता येतं. तेलताडाचे तीन प्रकार असतात. ‘ड्युरा’चं कवच जाड, म्हणून गर कमी. ‘पिसिफेरा’ला कवचच नाही, पण त्याची मादी फुलं बहुधा वांझ निघतात. ‘टेनेरा’चं कवच पातळ आणि गर भरपूर. १९४१ मध्ये काँगोत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा सगळा एकाच जनुकाचा खेळ आहे. ड्युरा आणि पिसिफेरा यांचा संकर केला की सगळी रोपं टेनेरा निघतात. आज मळ्यांत टेनेराच असतो.

आता मुलांना विचारा: शेतकऱ्यानं पैसे वाचवायला आपल्याच टेनेराचं बी लावलं तर? चौकट काढली की उत्तर येतं. चौथा हिस्सा ड्युरा, निम्मे टेनेरा, चौथा हिस्सा पिसिफेरा. म्हणजे एक चतुर्थांश झाडं जवळपास बिनफळाची, आणि हे कळायला तीन-चार वर्षं जाणार. बियाणं विकत का घ्यावं लागतं, हे यातून मुलांना नेमकं समजतं.

रोजच्या दिवसात ते कुठे कुठे भेटतं?

बिस्किटं, खारी, टोस्ट, फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, आइस्क्रीमसारखी फ्रोझन डेझर्ट, चॉकलेटचा स्वस्त लेप, साबण, शॅम्पू, कपड्यांची पावडर, लिपस्टिक, मेणबत्ती. इंडोनेशियात तर ते मोठ्या प्रमाणात डिझेलमध्ये मिसळतात. तिथे २०२५ पासून हे प्रमाण ४० टक्के ठरवलंय. म्हणजे कढईतलं तेल आणि ट्रकच्या टाकीतलं तेल एकाच बाजारात स्पर्धा करतं.

खाद्य उद्योगाला ते आवडण्याचं कारण नुसती किंमत नाही. ते नेहमीच्या तापमानाला थोडं घट्ट राहतं, म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. लवकर खवट होत नाही. तळताना टिकतं. आणि त्याला स्वतःची अशी चव-वास नसतो.

खायला कसं?

पालक हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. पामतेलात जवळपास निम्मे मेद संपृक्त असतात. शेंगदाण्याच्या तेलात ते पाचव्या हिश्शाच्या आसपास, सूर्यफुलात त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूला तुपात संपृक्त मेद साठ टक्क्यांच्या वर आणि खोबरेलात नव्वदच्या जवळ असतात. संपृक्त मेद फार झाले तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून दिवसभरातल्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमीच त्यांतून यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यात एक जुना संदर्भ आहे. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. असं वनस्पती तूप पातळ तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट करत, आणि त्यात ट्रान्स फॅट तयार होत. ट्रान्स फॅट हृदयाला संपृक्त मेदांपेक्षाही घातक ठरले. २०२२ पासून भारतात तेल, मेद आणि ते वापरलेल्या पदार्थांतल्या मेदात ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे. अशा प्रक्रियेशिवायच घट्ट राहणारं तेल म्हणून जगभर उद्योग पामतेलाकडे वळले.

थोडक्यात, घरच्या भाजीत दोन चमचे पामोलिन पडलं म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. काळजी घ्यायची ती एकूण तेलाची, आणि मधल्या सुट्टीतल्या कुरकुरीत पुड्यांची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं तर कुठल्याही तेलाचं वाईटच.

जंगल, दलदल आणि माणसं

आता दुसऱ्या बाजूकडे येऊया. तेलताडाला हवं ते हवामान विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना थोड्याच पट्ट्यात मिळतं. आणि तिथेच पृथ्वीवरची सर्वांत समृद्ध वर्षावनं आहेत. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर गेल्या काही दशकांत प्रचंड जंगल तुटून त्या जागी मळे झाले. ओरांगउटानच्या तीन जाती जगात आहेत. त्या फक्त या दोन बेटांवर आहेत आणि तिन्ही अति संकटग्रस्त यादीत आहेत. एकसारख्या मळ्यात त्यांना राहायला, खायला काही मिळत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट जमिनीखालची. तिथे काही भागांत ‘पीट’ नावाची दलदल असते. हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्यात न कुजता साठून झालेले हे काळे थर कित्येक मीटर खोल जातात. लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की हे थर वाळतात, कुजतात आणि साठवलेला कार्बन हवेत सोडतात. त्यांना आग लागली तर ती जमिनीखाली धुमसत राहते, महिनोन्‌महिने. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळलं. धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत गेला आणि तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सगळ्याच आगी तेलताडासाठी लावलेल्या नव्हत्या. कागदाच्या लगद्यासाठीचे मळे, छोटी शेती, कोरडा पडलेला मोसम हेही त्यात होतं. पण जमीन स्वस्तात साफ करायला आग लावणं हे मुख्य कारण होतंच.

आणि माणसं. इंडोनेशियात तेलताडाच्या क्षेत्रापैकी साधारण ४० टक्के लहान शेतकऱ्यांकडे आहे. त्यांच्या मुलांची फी याच झाडातून येते. मलेशियातल्या मळ्यांवर मात्र बरेचसे मजूर परदेशातून, मुख्यतः इंडोनेशिया आणि बांगलादेशातून आलेले असतात. एजंटचं कर्ज, मालकानं ठेवून घेतलेला पासपोर्ट अशा तक्रारी तिथून वारंवार आल्या आहेत. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीशी तुलना मुलं स्वतःच करतील, करू द्या.

मग बंदच का करू नये?

व्हिडिओ पाहिलेल्या मुलाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर फळ्यावर गणित मांडून द्या.

भारत वर्षाला साधारण ८० लाख टन पामतेल आयात करतो असं धरा. (काही वर्षी कमी, काही वर्षी जास्त.) हे सगळं बंद करून आपण सोयाबीनचं तेल वापरायचं ठरवलं. आपल्याकडे हेक्टरी सोयाबीन येतं सुमारे १ टन, आणि तेल निघतं त्याच्या १८-२० टक्के. म्हणजे हेक्टरी ०.२ टन.

८० लाख ÷ ०.२ = ४ कोटी हेक्टर.

आपल्या महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ, डोंगर, नद्या, शहरं सगळं धरून, ३ कोटी ७ लाख हेक्टर आहे. म्हणजे पूर्ण राज्यभर सोयाबीन पेरलं तरी पुरणार नाही! तेच तेल हेक्टरी साडेतीन टन देणाऱ्या तेलताडातून काढायचं तर २३ लाख हेक्टर पुरतात. म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण दीडपट.

सोयाबीनच्या बाजूनं एक मुद्दा सांगायलाच हवा: त्यातून तेलाबरोबर पेंडही मिळते, तिला वेगळी किंमत आहे. तरीही मुद्दा कळतो. कमी जमिनीत जास्त तेल देणारं झाड टाकून दिलं, तर दुसऱ्या पिकासाठी कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि ती बहुधा दुसरीकडचं जंगल तोडूनच मिळेल. पण म्हणून मळेवाल्यांना मोकळं रानही देता येत नाही. इतका नफा देणारं झाड आहे, म्हणूनच जंगल तोडायचा मोहही इतका मोठा आहे.

तेव्हा झाड चांगलं की वाईट, हा प्रश्न फार पुढे नेत नाही. उपयोगी प्रश्न हा की ते कुठे लावलं. आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर, की जंगल पाडून, की दलदल सुकवून? यावर उपाय म्हणून २००४ मध्ये उत्पादक, कंपन्या आणि पर्यावरण संस्था एकत्र आल्या आणि पुढे त्यांनी मिळून प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. आज जगातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या तेलाला ते प्रमाणपत्र आहे. त्याची तपासणी ढिली असते, अशी टीकाही होते. इंडोनेशियात २०१५ नंतर कडक धोरणं आली आणि तेलताडासाठीची जंगलतोड आधीच्या मानानं बरीच कमी झाली. म्हणजे दबाव आणला तर फरक पडतो.

आणि आपण?

भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. याचा अर्थ २०२२ मध्ये कळला. युक्रेन युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल अडकलं, आणि २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. २३ मेला ती उठली. पण त्या दिवसांत तेलाच्या पिशवीचा भाव काय होता, ते कुठल्याही गृहिणीला विचारा.

म्हणून केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये तेलताडासाठी ११,०४० कोटी रुपयांचं अभियान मंजूर केलं. आज देशात हे पीक मुख्यतः आंध्र प्रदेश आणि तेलंगणात आहे. थोडी लागवड गोव्यातही आहे. अभियानाचा भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. शंका तिथेच आहे. ईशान्येत आणि अंदमानात जंगल आहे, आणि आंध्र-तेलंगणात उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला दीडशे-दोनशे लिटर किंवा जास्त पाणी द्यावं लागतं. सुमात्रात जे झालं ते आपण पाहिलंय. तीच चूक न करता हे पीक कसं वाढवायचं, हा आता आपला प्रश्न आहे.

वर्गासाठी उपक्रम

१. पुडा वाचन (पाचवीपासून पुढे). घरातली रिकामी वेष्टनं आणायला सांगा. घटकांच्या यादीत पामोलिन, पाम ऑइल, पाम कर्नल, साबणावर सोडियम पाल्मेट, सोडियम पाम कर्नलेट हे शब्द शोधा. जो घटक जास्त तो यादीत आधी लिहिलेला असतो, हेही दाखवा.

२. थंडीचा प्रयोग (सहावी ते आठवी). चार छोट्या बाटल्यांत खोबरेल, पामोलिन, शेंगदाणा आणि सूर्यफूल तेल घेऊन फ्रीजमध्ये ठेवा. (खालच्या कप्प्यात, बर्फाच्या नको.) कुठलं आधी गोठतं, कुठलं गढूळ होतं, कुठलं तसंच राहतं, याची दर अर्ध्या तासानं नोंद करा. संपृक्त मेदांची टक्केवारी मग शेजारी लिहा. क्रम जुळतो का, ते मुलंच पाहतील.

३. नकाशा (सातवीपासून पुढे). विषुववृत्ताच्या उत्तरेला-दक्षिणेला १० अंशांचा पट्टा रंगवा. त्यातले देश आणि वर्षावनं दाखवा. दोन्ही एकाच जागी का, यावर बोला.

४. गणित (आठवी). वरचं उदाहरण शेंगदाणा आणि सूर्यफूल घेऊन करा. आपल्या तालुक्याचं क्षेत्रफळ शोधून त्याच्याशी तुलना करा.

५. सभा (नववी-दहावी). पाच गट करा: सुमात्रातला चार हेक्टरवाला शेतकरी, मलेशियातला परदेशी मजूर, वन्यजीव अभ्यासक, बिस्किट कारखानदार, आणि महिन्याचं बजेट सांभाळणारी महाराष्ट्रातली गृहिणी. प्रश्न एकच: "दलदलीच्या जमिनीवर नवीन लागवडीला परवानगी द्यावी का?" दर दहा मिनिटांनी गटांच्या भूमिका बदला. दुसऱ्याच्या जागी बसल्यावर मुलांचे मुद्दे बदलतात.

शेवटी शिक्षकांना एकच विनंती. पुडा वाचनाच्या दिवशी कुणाच्या घरी कुठलं तेल आहे, हे हात वर करून विचारू नका. स्वस्त तेल वापरणं हा त्या घरचा दोष नाही, आणि मुलाला वर्गात तसं वाटता कामा नये. वेष्टनं सगळी एकत्र टेबलावर ठेवा, नावं न घेता वाचा. महागडी चॉकलेटं, परदेशी शॅम्पू आणि रेशनची पिशवी, सगळ्यांवर तेच नाव निघतं. ते एकदा पाहिलं की चर्चा आपोआप योग्य जागी येते, आणि मग मुलं जे प्रश्न विचारतात ते टिपून ठेवा. पुढच्या तासाची तयारी त्यातूनच होईल.